अमिश मुलखात मुक्काम: कॅम्पग्राउंड निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना लागला की आमच्याकडे फोन सुरू होतात. ‘तुम्ही ते घोडागाडीवाल्यांच्या गावाला जाता ना, तिथे तंबू कुठे ठोकायचा?’ न्यू जर्सीत राहायला आल्यापासून आम्ही लँकस्टरला तंबूत राहिलो, केबिनमध्ये राहिलो, एकदा भाड्याची आरव्हीही (आत राहता येईल अशी मोठी गाडी) नेली. विचारणारे बदलतात, प्रश्न तेच. म्हणून एकदा सगळं लिहून काढलं.

अमिश मुलूख म्हणजे नक्की कुठे?

अमिश म्हणजे मोटारीऐवजी घोडागाडी वापरणारा एक ख्रिस्ती पंथ. अमेरिकेतल्या तीसहून अधिक राज्यांत त्यांच्या वस्त्या आहेत. सगळ्यात मोठ्या दोन: पेनसिल्व्हेनियातली लँकस्टर काउंटी आणि ओहायोतली होम्स काउंटी व तिच्या आसपासचा भाग. हे पान लँकस्टरबद्दल आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनहून साधारण दोन तास, फिलाडेल्फियाहून दीड तास, वॉशिंग्टनहून अडीच तास धरा.

१६९३ च्या सुमारास याकोब आमान या धर्मोपदेशकाच्या मागे स्वित्झर्लंड-अल्सास भागातले काही लोक मेनोनाइट या ख्रिस्ती पंथापासून वेगळे झाले, ते अमिश. विल्यम पेनच्या वसाहतीत धर्मावरून छळ होत नाही हे कळल्यावर अठराव्या शतकात ते इकडे आले आणि या चुनखडीच्या सुपीक जमिनीत रुजले. आपसांत ते जर्मनची एक बोली बोलतात. त्यांच्या लेखी जो अमिश नाही तो ‘इंग्लिश’. म्हणजे सदाशिव पेठेत जन्मलेला माणूसही तिथे इंग्लिशच.

फिरायचा गाभा लहान आहे: बर्ड-इन-हँड, इंटरकोर्स आणि स्ट्रासबर्ग या तीन गावांचा त्रिकोण, आणि मधले रॉंक्स, गॉर्डनव्हिल, पॅराडाइज. (सासू-सासरे मागच्या सीटवर असतील तर नकाशातली नावं मोठ्यानं वाचायचं काम मुलांकडे देऊ नका.)

कॅम्पग्राउंड निवडताना सगळ्यात आधी काय बघायचं?

रस्ता. पोहण्याचा तलाव नाही, वायफाय नाही, फोटोही नाहीत. कॅम्पग्राउंड कोणत्या रस्त्यावर आहे, एवढं आधी बघा.

रूट ३० हा इथला मोठा रस्ता. आउटलेट मॉल, हॉटेलं, मिनी-गोल्फ, डच वंडरलँड हे लहान मुलांचं पार्क, सगळं त्याच्या दुतर्फा. उन्हाळ्यातल्या शनिवारी दुपारी या रस्त्यावर गाडी मुंगीच्या पावलानं सरकते. त्याच्या कडेला उतरलात तर सगळं हाताशी असतं, पण रात्रभर ट्रकचा आवाज, आणि अमिश दिसतात ते बहुतेक जाहिरातींच्या फलकांवर.

दोन-तीन मैल उत्तरेला रूट ३४०, म्हणजे जुना फिलाडेल्फिया पाइक. बर्ड-इन-हँड आणि इंटरकोर्स त्याच्यावर. ३४० च्या आजूबाजूला किंवा स्ट्रासबर्गच्या बाजूला, शेतांच्या मधोमध जे कॅम्पग्राउंड असतात, तिथे सकाळी साडेपाचला टापांचा आवाज येतो. कुंपणापलीकडे कुणीतरी खेचरांची जोडी जुंपून शेतात निघालेलं असतं. माझ्या वडिलांचा जन्म सातारा जिल्ह्यातला. पहिल्याच सकाळी चहाचा कप घेऊन ते कुंपणाला टेकले ते तासभर हलले नाहीत. ‘औत सरळ धरलंय पोरानं,’ एवढंच म्हणाले. त्या दिवशी आम्ही काय काय बघितलं ते त्यांना आज विचारा, हेच सांगतील.

तिसरा पर्याय उत्तरेकडचा: टर्नपाइकच्या (टोलच्या महामार्गाच्या) डेनव्हर गावाच्या एक्झिटजवळ बरेच कॅम्पग्राउंड आहेत. झाडी भरपूर, बुकिंग तुलनेनं सहज मिळतं, पण इंटरकोर्सला यायला अर्धा-पाऊण तास लागतो. ‘लँकस्टर काउंटी’ एवढं वाचून बुकिंग करणारे इथेच फसतात. दक्षिणेला क्वारीव्हिलकडे मात्र मोकळे डोंगर-उतार आहेत, तिकडेही अमिश शेतं आहेत आणि पर्यटक कमी. दोनपेक्षा जास्त रात्री असतील तर मी तिकडे जाईन.

नकाशावर आणखी एक रेघ शोधा: फिलाडेल्फिया-हॅरिसबर्ग रेल्वेमार्ग. तो बर्ड-इन-हँड, रॉंक्स, गॉर्डनव्हिल यांच्या अंगावरून जातो. झोप सावध असेल तर रुळांपासून लांबची साइट मागा.

मुलं लहान आहेत. त्यांना घोडागाड्या बघण्यात किती रस असणार?

अर्धा तास. खरं सांगते, मुलं आठ वर्षांच्या आतली असतील तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि तलाव-घसरगुंड्यावालं कॅम्पग्राउंड घ्या. ओल्ड मिल स्ट्रीम हे डच वंडरलँडला लागूनच आहे, ते रूट ३० वर असलं तरी अशा घरांसाठी सोयीचं. क्वारीव्हिलजवळ योगी बेअरच्या नावाचं जेलीस्टोन पार्क आहे, तिथे दिवसभर पाण्यातले खेळ आणि कार्यक्रम चालतात. पण एक लक्षात घ्या: तिथे गेलात की मुलं बाहेर यायलाच तयार होत नाहीत. आमची दोन दिवसांची सहल तशीच गेली, अमिश शेतं येता-जाताना काचेतून दिसली तेवढीच.

मुलांना हमखास आवडते ती स्ट्रासबर्गची वाफेची आगगाडी. या रेल्वे कंपनीची सनद १८३२ ची आहे. गाडी स्ट्रासबर्गहून पॅराडाइजपर्यंत शेतांमधून जाऊन परत येते, पाऊण तास लागतो. समोरच पेनसिल्व्हेनियाचं रेल्वे संग्रहालय. शरद ऋतूत जवळच्या चेरी क्रेस्ट फार्मवर मक्याच्या शेतात भूलभुलैया असतो, तिथे मोठी माणसंही हरवतात.

आई-बाबा भारतातून आले आहेत. त्यांना तंबूत नेऊ का?

नका नेऊ. जमिनीवर झोपायची त्यांना सवय असेलही, प्रश्न रात्री दोन वाजता बाथरूमला जायचा आहे. ओलं गवत, अंधार, हातात टॉर्च आणि बाथहाउस दीडशे पावलांवर. केबिन घ्या, आणि घेताना नीट विचारा. साधी केबिन म्हणजे लाकडी खोली, बंक बेड आणि दिवा, स्नानगृह बाहेरच. आत संडास-बाथरूम हवं असेल तर ‘डिलक्स’ किंवा ‘कॉटेज’ नावाखाली जे मिळतं ते. अंथरूण-पांघरूण बहुतेक ठिकाणी स्वतःचं न्यावं लागतं. बंकच्या वरच्या मजल्यावर कोण चढणार हेही घरीच ठरवा.

शेतावर राहायची हौस असेल तर फार्म-स्टे हा वेगळा प्रकार आहे. त्यातले अनेक मेनोनाइट कुटुंबं चालवतात. गाई दोहायला मिळतात, सकाळी ताजं दूध. आमच्या आईला कॅम्पग्राउंडपेक्षा हे जास्त भावलं, पण मग शेकोटी आणि कांदाभजी विसरा.

आरव्ही नेली तर ३० अँप घ्यायचं की ५० अँप?

गाडीला जो प्लग आहे तो. पण आपल्या स्वयंपाकाचा हिशोब आधी करा. ३० अँपच्या जोडणीवर एकूण सुमारे ३६०० वॉट मिळतात. एसी साधारण १५०० खातो, इंडक्शन शेगडी १८००. त्यात कुणी मायक्रोवेव्ह लावला की अंधार. ५० अँपला तिपटीहून जास्त वीज मिळते. आम्ही ३० वर राहिलो तेव्हा नियम केला: भात शिजेपर्यंत एसी बंद. तंबूच्या साइटवर विजेचा खांब असेल तर इन्स्टंट पॉट मजेत चालतो, आणि खिचडी झाली की निम्मी लढाई जिंकली.

पाणी, वीज आणि सांडपाणी तिन्ही जोडण्या असलेली साइट महाग असते. दोन रात्रींसाठी सांडपाण्याची जोडणी लागत नाही, निघताना डंप स्टेशनवर टाकी रिकामी करता येते. हे काम कोण करणार, हा मात्र घरगुती वादाचा विषय आहे.

सरकारी पार्कमध्ये स्वस्तात राहता येत नाही का?

येतं. बर्क्स आणि चेस्टर काउंटीच्या हद्दीवर फ्रेंच क्रीक स्टेट पार्क आहे: दाट जंगल, दोन तलाव आणि शेजारीच होपवेल फर्नेस, जिथे अठराव्या शतकात लोखंड वितळवत. अमिश गावांपर्यंत पाऊण तास धरा. पेनसिल्व्हेनियाच्या स्टेट पार्कांना प्रवेश-शुल्क नाही, आणि साइटचं बुकिंग अकरा महिने आधी सुरू होतं. दारूला बंदी आहे आणि ती गमतीनं लिहिलेली नाही. शांतता आणि चांदण्यांसाठी मी हे पार्क निवडीन. टापांच्या आवाजासाठी नाही.

कधी जावं?

बहुतेक कॅम्पग्राउंड एप्रिल ते ऑक्टोबर चालतात, काही वर्षभर. जुलै-ऑगस्ट दमट असतो, दुपारी गडगडाटी पाऊस, तंबूत घामाघूम. पण स्वीट कॉर्न तेव्हाच. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले: मक्याची कापणी, भोपळे, दिवसा कोवळं ऊन आणि रात्री रजई. आपली अडचण एवढीच की नेमके तेव्हाच गणपती आणि नवरात्र येतात आणि प्रत्येक शनिवार कुठल्या तरी मंडळाला दिलेला असतो.

जमलं तर सोमवार-मंगळवार धरून जा. सोमवार हा अमिश घरांत कपडे धुण्याचा दिवस. घरापासून कोठाराच्या माथ्यापर्यंत कप्पीवर ओढलेल्या दोरीवर जांभळे, हिरवे, निळे सदरे आणि काळ्या विजारी ओळीनं फडफडत असतात. मंगळवारी लँकस्टर शहरात सेंट्रल मार्केट उघडं असतं (शुक्रवारी आणि शनिवारीही), त्याची लाल विटांची इमारत १८८९ ची. एफ्राटाचा ग्रीन ड्रॅगन बाजार मात्र शुक्रवारचा. आपल्याकडच्या आठवडी बाजाराची आठवण आली नाही तर पैसे परत, असं मी लोकांना सांगते.

ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत त्यांची लगीनसराई, आणि लग्नं बहुधा मंगळवारी किंवा गुरुवारी. एखाद्या अंगणात तीस-चाळीस बग्ग्या उभ्या दिसल्या तर ते काय आहे हे कळावं म्हणून सांगितलं, आत डोकावण्यासाठी नाही.

शेणाचा वास येतो असं रिव्ह्यूमध्ये वाचलं. खरं आहे का?

खरं आहे. गाई-म्हशी, कोंबड्या, खेचरं यांच्या जिवावर चालणारी शेती... म्हशी नाहीत, ओघात आल्या. वसंतात पेरणीआधी आणि पुन्हा कापणीनंतर शेतात खत पसरतात, तेव्हा वारा ज्या दिशेनं असेल तिकडची साइट तो वास घेते. कॅम्पग्राउंडचा यात काही दोष नाही. रिव्ह्यूत यासाठी एक तारा देणाऱ्यांची मला गंमत वाटते. शेत बघायला दोनशे मैल येतात आणि शेताचा वास नको. तरी बाळ लहान असेल किंवा कुणाला दम्याचा त्रास असेल तर मार्च-एप्रिल टाळा.

रविवारी काय काय बंद असतं?

अमिश माणसाचं सगळं. त्यांची दुकानं, रस्त्याकडेच्या टपऱ्या, बेकऱ्या. ईस्ट अर्लचं शेडी मेपल हे प्रचंड मोठं बुफेही बंद. प्रार्थना एकाआड एक रविवारी आणि चर्चमध्ये नव्हे, कुणाच्या तरी घरी होते, म्हणून त्या सकाळी रस्त्यावर करड्या बग्ग्यांची रांगच असते. त्यांची वाट अडेल अशी गाडी उभी करून फोटो काढणारे दिसतात, आणि लाज आपल्याला वाटते.

शुक्रवार रात्र ते रविवार दुपार अशी नेहमीची सहल आखलीत तर खरेदी-खाणं सगळं शनिवारी उरकावं लागतं. याशिवाय ईस्टरनंतरचा सोमवार, असेन्शनचा (येशूच्या स्वर्गारोहणाचा) गुरुवार, २६ डिसेंबर आणि लँकस्टरकडे ११ ऑक्टोबर याही दिवशी त्यांची दुकानं बंद असतात. नेमक्या ११ ऑक्टोबरला आम्ही रजईच्या दुकानांच्या बंद दारांसमोर उभे होतो.

आम्ही शाकाहारी आहोत. खायचं काय?

स्वयंपाकाचं सामान घेऊन जा. इथलं प्रसिद्ध जेवण म्हणजे भाजलेली कोंबडी, हॅम, ग्रेव्ही. फरसबीची भाजी मागवाल तर तीत हॅमचा तुकडा असू शकतो, आणि ‘पाय’ या भरलेल्या गोड पदार्थाच्या कवचात डुकराची चरबी. विचारा, कुणी रागावत नाही.

निर्धास्त खाण्यासारखं: मऊ प्रेत्झेल, लोणी लावलेले नूडल्स (अंडं चालत असेल तर), ॲपल बटर आणि चाऊ-चाऊ हे आंबटगोड भाज्यांचं लोणचं. शू-फ्लाय पाय आपल्याला लगेच ओळखीचा वाटतो, कारण आत जवळपास काकवीच असते. फक्त कवचाची चौकशी करा.

खरी चैन रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर आहे. टेबलावर कणसं, टोमॅटो, घरगुती रूट बिअरच्या (हे गोड सरबत, दारू नव्हे) बाटल्या, कधी कुणी बसलेलं, कधी नुसता डबा: किंमत वाचा, पैसे टाका, वस्तू घ्या. सुटे डॉलर जवळ ठेवा. तीच कणसं संध्याकाळी शेकोटीवर, वर लिंबू, तिखट आणि मीठ. शेजारच्या साइटवरचे ओहायोचे आजोबा आमच्याकडे दोनदा मागायला आले.

फोटो काढले तर चालतात का?

शेतांचे, कोठारांचे, लांबून जाणाऱ्या बग्गीचे काढा. माणसांच्या चेहऱ्याचे नाही, मुलांचे तर मुळीच नाही. चेहऱ्याचा फोटो त्यांच्या श्रद्धेत बसत नाही. शाळांजवळ रेंगाळू नका. २००६ मध्ये निकेल माइन्सच्या अमिश शाळेत गोळीबार झाला, पाच मुली गेल्या. त्यानंतर अनोळखी गाडी शाळेजवळ थांबली तर लोकांच्या मनात काय येत असेल, हे वेगळं सांगायला नको.

बांधलेल्या घोड्याला हात लावणं, कुंपण ओलांडून शेतात जाणं, हेही नाही. कॅम्पग्राउंडला लागून शेत असलं तरी ते त्यांचं रान आहे.

घोडागाड्यांच्या रस्त्यावर गाडी कशी चालवायची?

सावकाश, आणि हॉर्न न वाजवता. आपला हात सवयीनं हॉर्नवर जातो, घोडा बुजतो. बग्गी ताशी सात-आठ मैलांनी जाते, तुम्ही चाळीसनं येता, चढ ओलांडला की ती एकदम समोर. ओलांडताना भरपूर जागा सोडा, चढावर आणि वळणावर ओलांडूच नका. अंधार पडल्यावर या अरुंद रस्त्यांवर आरव्ही आणायची वेळ येऊ नये असं निघा. मुलांच्या सायकली आणल्या असतील तर कॅम्पग्राउंडच्या आतच चालवू द्या.

आम्ही सहा कुटुंबं मिळून जातोय. काही अडचण?

अडचण आवाजाची. रात्री दहानंतर शांतता, हा नियम जवळपास सगळीकडे असतो आणि पाळून घेतला जातो. अंताक्षरी नऊ वाजताच रंगात आणा. एका साइटवर किती माणसं, किती तंबू, किती गाड्या चालतात ते आधी विचारा. दुपारपुरते येणाऱ्या पाहुण्यांना बऱ्याच ठिकाणी वेगळे पैसे पडतात. काही कॅम्पग्राउंड फक्त मोठ्यांसाठी असतात, मुलं असतील तर ते बुकिंगच्या वेळी बघा, दारात गेल्यावर नको. सहा साइट एकमेकींना लागून हव्या असतील तर फोनच करा, संगणकावर ते जमत नाही.

किडे, गोचिड्या, साप?

सापांची काळजी सोडा, गोचिड्यांची घ्या. पेनसिल्व्हेनियात गोचिडी चावून होणारा लाइम रोग भरपूर आहे. उंच गवतात, झुडपांच्या कडेला जाताना लांब पायजमा घाला, पायमोजे वर ओढा, रात्री मुलांच्या मानेमागे, काखेत, गुडघ्यामागे बघा.

दुसरा किडा आपल्याला चावत नाही पण नुकसान मोठं करतो: स्पॉटेड लँटर्नफ्लाय. तो अमेरिकेत पहिल्यांदा २०१४ मध्ये शेजारच्याच बर्क्स काउंटीत सापडला. म्हणून घरून सरपण नेऊ नका आणि उरलेलं परत आणू नका, तिथेच विकत घ्या, तिथेच जाळा. निघताना तंबू आणि आरव्हीची छत्री झटका.

फोन करून नेमकं काय विचारू?

आम्ही एकदा तळ्याकाठच्या सुंदर फोटोवर भाळून पैसे भरले. मिळालेली साइट कचऱ्याच्या मोठ्या पेटीसमोर होती, आणि तळं चालत दहा मिनिटांवर. तेव्हापासून साइटचा नंबर घेऊन, नकाशा उघडून फोन करते. सावली आहे का? जमीन सपाट आहे की उतार? बाथहाउस किती लांब? ओढ्याकाठची साइट असेल तर मोठ्या पावसात पाणी कुठवर येतं? पेक्वे क्रीक, मिल क्रीक, कोनेस्टोगा नदी, या सगळ्यांच्या काठी राहायला छान वाटतं ते पाऊस येईपर्यंत.

किमान किती रात्री घ्याव्या लागतात तेही विचारा. उन्हाळ्यात शनिवार-रविवारला बहुधा दोन, मेमोरियल डे, ४ जुलै आणि लेबर डेला तीन. रद्द केलं तर पैसे किती परत, हे लेखी घ्या.

किती रात्री पुरतात?

दोन पुरतात, तीन असतील तर मधल्या दिवशी हर्शी (चॉकलेटचं गाव) किंवा गेटिसबर्ग (अमेरिकन यादवी युद्धाचं रणांगण) करता येतं. हर्शी पाऊण तास, गेटिसबर्ग सव्वा-दीड तास. पण मधला दिवस मोकळा ठेवलात तर संध्याकाळी साइटवर खुर्ची टाकून बसा. अमिश घरांना तारेची वीज नाही, म्हणून अंधार पडला की पलीकडची शेतं खरंच काळी होतात, एखाद्या खिडकीत तेवढा दिवा असतो.